नीलाक्का चहाला बसली की

नीलाक्का चहा प्यायला बसली की घरातली सगळी माणसं तिच्याभोवती गोळा व्हायची, आणि मी दाराशी उभी राहून माझी बॅग आवरत असायची. बेंबळीतली माझी पहिली चार वर्षं मला आठवतात ती अशी.

आम्ही दोघी एकाच दवाखान्यात बाळंतपणाच्या कामावर होतो. मी सोलापूरला रीतसर शिकून आलेली नर्स, वय तेवीस. ती निजामाच्या अमदानीत हैदराबादेला सहा महिने राहून शिकून आलेली दाई, वय पन्नाशीच्या पुढं. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तशा माझ्यासारख्या मुली तिकडून इकडं नेमणुकीवर येऊ लागल्या. माझं घर कुर्डुवाडीचं. वडील रेल्वेत कारकून होते, ते अचानक गेले. आई आणि दोन धाकट्या बहिणी माझ्यावर होत्या. मिळेल तिथं जायचं होतं, आणि मिळाली बेंबळी.

समोर मी तिला 'तुम्ही' म्हणायची, मनात 'ती'. आज लिहिताना मनातलंच लिहिते आहे.

उंच, हाडापेरानं मोठी बाई. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, अंगावर कायम इरकली लुगडं. माहेर आळंदकडचं, त्यामुळं घाई झाली किंवा राग आला की कानडी बोलायची. अडलेल्या बाईला 'तायी, तायी' म्हणायची, म्हणजे आई. स्वतःला मूल नव्हतं. नवरा लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच गेला होता. त्याबद्दल तिनं मला कधी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी तिला फारसं काही विचारतच नसे.

तिचं चहा पिणं मात्र मी बारकाईनं पाहिलं आहे. हेवा करणाऱ्या माणसाची नजर बारीक असते.

बाळंतपण उरकलं, मूल पुसून सुपात ठेवलं, की ती हात कोपरापर्यंत धुवायची आणि भिंतीला पाठ लावून, एक पाय लांब पसरून बसायची. मग चहा यायचा. तेव्हा खेड्यांतून चहा नुकता कुठं घरोघर शिरत होता. म्हातारी माणसं म्हणायची, चहानं रक्त आटतं. पत्ती दुकानातून पुडीत बांधून यायची, साखर पाव्हण्यांपुरती, एरवी गूळ. कप असले तर कानतुटके. नीलाक्का तो कप दोन्ही तळहातांत धरून आधी नुसता वास घ्यायची. पहिली बशी बाळंतिणीला. तिची मान हातावर घेऊन, तीन-चार घोटांत, घाई न करता पाजायची. दुसरी बशी सासूला. "घ्या, तुमचं बी बाळंतपन झालंय आज," असं म्हणायची, आणि दिवसभर रडकुंडीला आलेली सासू हसायची. तिसरी बशी तिची स्वतःची. फुंकर, मग एक लांबलचक भुरका, शेजारच्या घरात ऐकू जाईल असा. डोळे मिटलेले. सगळं घर तिच्या तोंडाकडं बघत उभं. मग ती म्हणायची, "हं."

त्या 'हं'साठी बायका जीव टाकत. चहा जमला, म्हणजे सगळंच नीट झालं, असा त्याचा अर्थ होता.

जमला नाही तर तेही सांगायची. कुणाची भीडभाड नाही. "ह्यो च्या न्हाय बाई, पातेल्याचं धुवन हाय. चल, दाखवते." आणि उठून थेट चुलीपाशी. पाणी खळखळल्याशिवाय पत्ती टाकायची नाही. गूळ असेल तर दूध खाली उतरवल्यावर, वरून घालायचं, नाहीतर फाटतं. गाळायचं फडकं रोज उन्हात घालायचं. बेंबळीतल्या निम्म्या बायका तिच्याकडून चहा शिकल्या होत्या. मी त्यांना पाणी उकळून प्या म्हणून सांगत फिरायची, ते कुणी ऐकायचं नाही. तिनं सांगितलं की चहाच्या निमित्तानं पाणी खळखळा उकळायचं.

मी कुणाच्या घरी चहा घेत नव्हते. "मी चहा घेत नाही," असं सरळ सांगायची. ते खोटं होतं. आमच्या घरचं सोवळंओवळं माझ्या अंगात मुरलेलं होतं. दुसऱ्याच्या, त्यातून कुठल्याही जातीच्या घरचा कप ओठाला लावायचा म्हटलं की हात आपोआप मागं यायचा. खोलीवर येऊन मी स्टोव्ह पेटवायची आणि माझा साखरेचा चहा एकटीनं प्यायची. खिडकीतून वास बाहेर जात असणारच. गावाला सगळं ठाऊक होतं.

नीलाक्का सगळ्यांकडं प्यायची. पाटलाकडं प्यायची, कोष्ट्याकडं प्यायची, गावकुसाबाहेर प्यायची. तिच्या जातीतल्या लोकांनी एकदा मठातल्या स्वामींपुढं ही गोष्ट काढली, तेव्हा तिनं म्हणे एवढंच विचारलं होतं, "मूल बाहेर काढताना हात चालतो, मग कप का चालंना?" हे मला दवाखान्याच्या शिपायानं सांगितलं. मी म्हटलं, "असतील हो मोठ्या." पण घरी गेल्यावर त्या दिवशीचा माझा चहा मला गोड लागला नाही.

एकदा आम्ही दोघी एका बड्या शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. पहिलटकरीण बाळंत होऊन तीन दिवस झाले होते, पोरगी पांढरीफटक पडली होती. मी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, गोळ्या दिल्या, दूध-भाजी द्या म्हणून सांगितलं. सासू "व्हय, व्हय" म्हणाली. मग चहा आला. नीलाक्काला सायीचा, घट्ट. बाळंतिणीच्या पुढ्यात पितळीत कोरा, काळा.

नीलाक्कानं आपला कप त्या पोरीच्या हातात दिला, तिची पितळी स्वतः घेतली, आणि सासूसमोर बसून तो कोरा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. 'हं' म्हणाली नाही. "उद्या येते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दोन्ही भांड्यांत दूध होतं. सासूची मान खाली होती. नीलाक्का लांब भुरका मारून म्हणाली, "हं! आता कसं घर वाटाय लागलं."

मी गोळ्या दिल्या होत्या, तिनं नुसता कप बदलला होता. महिन्याभरानं ती पोरगी गालावर लाली घेऊन, मूल कडेवर घेऊन दवाखान्यात आली ती सरळ नीलाक्काच्या पाया पडायला. मी टेबलापाशी बसले होते. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "अक्का कुठं गेल्यात वो, नर्सबाई?"

तिला मराठी लिहिता-वाचता येत नव्हतं, हेही सांगायला हवं. तिचं शिक्षण उर्दूत झालेलं. दवाखान्याची सगळी दप्तरं आधी उर्दूत होती, ती मराठीत झाली तशी तिची पंचाईत झाली. त्यामुळं जन्माच्या नोंदी मी करायची. मुलगा की मुलगी, आईचं नाव, गाव, आणि शेवटच्या रकान्यात 'बाळंतपण कोणी केले'. त्या रकान्यात पानापानांवर माझ्याच वळणदार अक्षरात 'नीलाक्का' लिहिलेलं असे. माझं नाव पानात एखाद्या वेळी. कधीकधी ती शेजारी उभी राहून नोंदीकडं कौतुकानं बघायची आणि म्हणायची, "कसं मोत्यावानी लिवतीस गं, कुसूम." मला वाटायचं, टाक फेकून द्यावा.

तरीही एवढ्यावर मी ते केलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. निमित्त घडलं हेडमास्तरांच्या घरी.

हेडमास्तरांच्या पत्नी सुमनताई शिकलेल्या, बार्शीच्या. त्यांनी स्वतः होऊन मला बोलावलं. "मला दाई नको, तुम्हीच हव्या," म्हणाल्या. बेंबळीत पहिल्यांदा कुणीतरी मला निवडलं होतं. सात महिने मी त्यांच्याकडं जात होते. वजन, सूज, गोळ्या, काय खायचं, कसं निजायचं, सगळं. त्यांच्या दुखण्याच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मी एकटी त्यांच्याजवळ होते. मूल पायाळू होतं. पुस्तकात शिकले होते तसं, एक-एक करत, मी ते सुखरूप बाहेर काढलं. मुलगी होती. ती खणखणीत रडली. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फार वेळा केलं नाही.

सुमनताई मात्र छताकडं बघत पडल्या होत्या. मुलीकडं वळून बघेनात. मी नाळ बांधली, स्वच्छता केली, मूल त्यांच्या कुशीत ठेवलं. काही नाही. नुसत्या डोळे उघडे ठेवून पडलेल्या.

तेवढ्यात नीलाक्का आली. कुणी बोलावली नव्हती. उंबऱ्यातूनच हेडमास्तरांना म्हणाली, "मास्तर, च्या ठिवा की. तुमास्नी येतंय का?" हेडमास्तर बिचारे चुलीशी खटपट करू लागले. ती आत येऊन सुमनताईंच्या उशाशी बसली. चहा आला, तो वाईटच असणार. तिनं वास घेतला आणि सुमनताईंना म्हणाली, "नवऱ्यानं केलाय. आयुष्यात पयला दिसतोय. तुमी पिऊन सांगा कसा झालाय, माजी हिंमत न्हाय."

बशी ओठाला लागली. सुमनताईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, हसल्या, आणि मग हुंदके देऊन रडायला लागल्या. रडता रडता त्यांनी मुलीला छातीशी धरलं.

मी माझी बॅग आवरत होते.

बारशाला मला मानानं बोलावलं, ओटीही भरली. पाळण्यात मुलीचं नाव ठेवलं: नीला.

दुसऱ्या दिवशी ते नाव मीच नोंदवहीत लिहिलं. 'बाळंतपण कोणी केले' या रकान्यात, त्या पानावर, पहिल्यांदा माझं नाव होतं. आणि त्याच ओळीत मुलीचं नाव नीला. मी शाई टिपली. तोच टाक घेऊन जिल्ह्याच्या साहेबांना पत्र लिहिलं. दाई अडलेल्या बाईला सोडून चहा पीत बसते. प्रत्येक घरी चहा मागून घेते. कुठल्याही घरी, कसल्याही भांड्यातून पिते, त्यामुळं रोग पसरण्याचा संभव आहे. खाली सही केली आणि 'माझे नाव गुप्त ठेवावे' अशी विनंती केली.

तीनेक आठवडे गेले. मला वाटायला लागलं, पत्र कुठंतरी पडून राहिलं असेल. बरंच झालं, असंही वाटायला लागलं.

एका दुपारी नीलाक्का माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. चार वर्षांत ती कधी आली नव्हती. मी बोलावलंच नव्हतं. तिच्या हातात सरकारी पाकीट होतं.

"सायबाचं टपाल आलंय," ती म्हणाली. "वाच की गं. मला काय कळतंय त्यातलं!"

मी हात पुढं केला. तिनं पाकीट दिलं नाही. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून माझ्या खोलीत बसली.

"आधी च्या टाक. घसा कोरडा पडलाय. उनाचं चालत आले."

मी स्टोव्ह पेटवला. पिन हातातून दोनदा पडली. तिच्याकडं पाठ करून मी पाणी उकळेपर्यंत उभी राहिले. कप तिच्या हातात दिला आणि पाकीट घेतलं. आत माझंच पत्र होतं, कारकुनाच्या अक्षरात नक्कल केलेलं, माझं नाव गाळून. सोबत विचारणा, की यावर आपलं काय म्हणणं आहे ते आठ दिवसांत कळवावं.

मी वाचून दाखवलं. सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. आपणच लिहिलेली वाक्यं मोठ्यानं वाचताना ती किती नीट जुळवली होती हे मला ऐकू येत होतं.

तिनं चहाचा वास घेतला. बशीत ओतला, भुरका मारला, दुसरा मारला, अगदी शेवटपर्यंत चहा प्यायली. 'हं' म्हणाली नाही, आणि वाईटही म्हणाली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "लिही आता उत्तर."

ती गेल्यावर मी पातेल्यातला उरलेला चहा तोंडाला लावला. त्यात साखरच नव्हती. वाईट चहाला वाईट म्हणायला जी पाटलाच्या घरी कचरली नाही, ती माझ्याकडचा बिनसाखरेचा चहा मुकाट्यानं पिऊन गेली होती. पत्र माझंच आहे हे तिला कळलं होतं का? कळलं होतं म्हणूनच का बोलली नाही? हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

पण ते नंतर. आधी उत्तर लिहायचं होतं.

"लिही," ती म्हणाली. "च्या पिते हे खरं हाय. समद्यांच्या घरी पिते हे बी खरं हाय. बाळंतीन अडल्याली सोडून पिते हे खोटं हाय. कंदीबी तसं केलं न्हाय, ईश्वराची आन. एवडंच लिही."

मी पहिली दोन वाक्यं लिहिली. तिसरं लिहिलं नाही.

"वाच बघू," ती म्हणाली.

मी तिन्ही वाक्यं वाचून दाखवली. तिसरं कोऱ्या कागदावरून. आवाज अगदी सरळ निघाला.

तिनं खाली उजवीकडून डावीकडं उर्दूत सही केली, कागदावर फुंकर घातली आणि म्हणाली, "टपालात टाकशील न्हवं?"

मी टाकलं.

महिन्याभरात हुकूम आला. तिची परंड्याला बदली. "तबादला झाला म्हन माजा," असं ती गावभर स्वतःच सांगत फिरली. पन्नाशी उलटलेली बाई, हयात बेंबळीत गेलेली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला निघाली. ती गेली त्या दिवशी मोटारीच्या थांब्यावर इतक्या बायका जमल्या, की ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला कोण पुढारी आलंय. मी दवाखान्यात थांबले. कुणीतरी थांबायला हवंच होतं.

मग बेंबळी माझी झाली. रकान्यात माझं नाव यायला लागलं, पानामागून पान. आणि त्यात मला काही सापडेना. बायका बोलवायच्या, मी जायची, काम करायची, बॅग आवरायची. "च्या..." असं कुणी म्हणू लागलं की थांबायच्या. नर्सबाई घेत नाहीत, हे सगळ्यांना पाठ होतं. माझ्या मागं दार लागलं की आत चहा व्हायचा. तो भुरक्यांचा आवाज मी गल्लीतून ऐकला आहे.

त्या पावसाळ्याच्या अखेरीला गावकुसाबाहेरून बोलावणं आलं. भागू नावाची सोळा-सतरा वर्षांची पोर, पहिलं मूल. मी पोचले तेव्हा भर दुपार होती. खोपटात सात-आठ बायका. तिची सासू धोंडाबाई तिच्या डोक्याशी बसून कपाळ बडवत होती. "माजी पोर जाती वो, जाती माजी पोर!" प्रत्येक हाळीबरोबर भागू लाकडासारखी ताठ व्हायची. कळा होत्या, पण मूल सरकत नव्हतं. मी सासूला गप्प बसा म्हटलं. बाहेर जा म्हटलं. ओरडले. ती आणखी मोठ्यानं रडायला लागली, आणि बाकीच्या बायका तिला धरून रडायला लागल्या. तास गेला. भागूचे ओठ निळसर दिसायला लागले. पुस्तकातलं सगळं मी केलं होतं.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मावशी, चहा ठेवा."

धोंडाबाई रडायची थांबली. "क्काय?"

"चहा ठेवा म्हणते. पण मी हाक मारल्याशिवाय उकळी येऊ द्यायची नाही. आणि आधण थंडही होऊ द्यायचं नाही. जमेल का?"

हे शब्द माझे नव्हते. घराघरांत मी नीलाक्काच्या तोंडून ते ऐकले होते, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं होतं, काय ही बाई, समोर जीव अडलाय आणि हिला चहाची उकळी सुचते!

धोंडाबाई उठली. एक बाई पाण्याला गेली, एक शेजारून गूळ मागायला. उरलेल्या चुलीभोवती बसल्या. लाकूड आत सार, बाहेर ओढ, "आगं उकळंल की, काढ ती काटकी!" सगळ्यांचा जीव त्या पातेल्यात जाऊन बसला. आत भागू आणि मी दोघीच. मी तिची मान हातावर घेतली. कानाशी बोलत राहिले. तिचं अंग हळूहळू सैल पडलं. अर्ध्या तासात मुलगा झाला, कळकट, निळा, आणि मग लालबुंद होऊन ओरडणारा.

"येऊ द्या उकळी!" मी ओरडले. मी रडत होते, हे मला नंतर कळलं.

मग चहा आला. गुळाचा, कोरा, जर्मन धातूच्या वाटीत. धोंडाबाईनं तो आणला आणि दारातच घुटमळली. नर्सबाई घेत नाहीत, हे तिलाही पाठ होतं. मी हात पुढं केला. पहिले घोट भागूला पाजले. मग धोंडाबाईला दिला. मग भिंतीला पाठ लावून मी प्यायले. धुराचा वास होता, गूळ जास्त झाला होता, जीभ पोळली. तितकी चव मला पुन्हा कुठल्याच चहाला लागली नाही.

सगळ्या बायका बघत होत्या. धोंडाबाईचे डोळे भरून आले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "अगदी नीलाक्कावानी प्यालात बगा!"

आणि त्या क्षणी, तशा त्या क्षणीसुद्धा, माझ्या पोटात ती जुनी कळ उठली. माझं मूल, माझा चहा, आणि इथंही तीच.

त्यानंतर मी सगळ्यांकडं चहा घ्यायला लागले. तिसरं वाक्य मात्र मनातून जाईना. कितीदा वाटलं, साहेबांना पुन्हा लिहावं. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ती परत आली असती, आणि ती परत यावी असं मला पूर्णपणे वाटत होतं असं मी म्हणणार नाही.

दोन वर्षांनी परंड्याला आम्हा नर्सेसचं आठ दिवसांचं शिबिर होतं. तिला सगळं सांगून टाकायचं ठरवूनच मी गेले होते. पहिले सात दिवस 'आज नको' म्हणत काढले. शेवटच्या दिवशी शिबिर संपवून मला दुपारच्या मोटारीनं कुर्डुवाडीला, आईकडं जायचं होतं. सकाळी विचारत विचारत निघाले. किल्ल्याच्या बाजूच्या एका गल्लीत बाळंतपणाला गेल्यात म्हणून कळलं. घर सापडलं. दार उघडंच होतं.

नीलाक्का भिंतीला पाठ लावून बसली होती. केस सगळे पांढरे झाले होते. शेजारी एक मुलगी बसली होती, पांढऱ्या साडीतली नवी नर्स, फार तर वीस वर्षांची. दोघींत मिळून एक कप होता. मुलगी बशीतून पीत होती आणि कशावरून तरी खळखळून हसत होती.

"आगं कुसूम!" नीलाक्कानं मला लगेच ओळखलं. "ये, बस. बाई, आनकी एक कप टाका वो, माजी बेंबळीची मानूस आलीय."

मी तिच्यासमोर बसले. मनात घोकलेलं वाक्य अगदी तोंडाशी होतं. नीलाक्का त्या मुलीकडं वळली.

"शालन, ही कुसूम. बेंबळीला माजं समदं लिवनं हीच करायची. एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं न्हाय."

मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्यात मला काही दिसलं नाही. जे होतं ते मला वाचता आलं नाही.

शालननं माझ्याकडं वर-खाली पाहिलं. त्या नजरेत थोडा राग होता. आता मी लिहिते अक्कांचं, असं ती नजर सांगत होती. ती नजर मला चांगलीच ओळखीची होती. मी त्या पोरीसमोर तोंड उघडू शकले नाही. लाज वाटली म्हणून नव्हे. 'एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं न्हाय' एवढी एक माझी जागा होती, ती त्या पोरीच्या देखत मला सोडवेना.

चहा आला. नीलाक्कानं बेंबळीतल्या एकेकीची चौकशी केली. सुमनताईंची नीला केवढी झाली, भागूचा पोरगा चालतो का. भागूचं तिला कसं कळलं कोण जाणे. मी उत्तरं देत राहिले. मग आणखी कुणाचं तरी बोलावणं आलं आणि ती उठली.

"जा बाई, तुजी मोटार चुकंल," म्हणाली. माझ्या डोक्यावरून हात फिरवून तिनं बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली.

मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी खिडकीपाशी बसले. त्या दोघी बाहेर पडून किल्ल्याकडच्या उताराला लागल्या. बॅग शालनच्या हातात होती. नीलाक्काचे गुडघे आता धरले होते, तिला उतार जमत नव्हता. तिनं शालनच्या खांद्यावर हात टेकला होता आणि ती पोरगी तिच्या पावलाला पाऊल जुळवून, सावकाश, मध्येच काहीतरी बोलत चालली होती.

माझ्या खांद्यावर तो हात कधी पडला नव्हता. चार वर्षं आम्ही एका दवाखान्यात होतो, आणि तो पडेल इतकी जवळ मी कधी गेलेच नव्हते. मोटार सुरू झाली. वळणापर्यंत मी मान वळवून त्या पोरीच्या खांद्याकडंच बघत होते.